उरलेलं पाणी

"आधी ते ड्रिप थांबव," डॉ. कालिंदी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तरी शिकाऊ डॉक्टर हिमांशूनं घाईघाईनं ड्रिपचं चाक बंद केलं.

खाटेवर दहा महिन्यांची कार्तिकी आखडली होती. डोळे एका बाजूला फिरलेले, उजव्या हाताला झटके येत होते. सिस्टरनं झटक्यांचं इंजेक्शन दिलं. झटके मंदावले, पण थांबले नाहीत.

कालिंदीबाई बालरोग विभागाच्या प्रमुख. मॅडमच्या राऊंडला जाताना आपलाच ईसीजी काढून ठेवावा, असं शिकाऊ डॉक्टर म्हणायचे. त्या उत्तर सांगत नसत. प्रश्न विचारत आणि थांबत. आज थांबायला सवड नव्हती, तरी त्यांनी प्रश्नच विचारला.

"पोटाची कातडी चिमटीत धर. काय लागतं?"

"डिहायड्रेशन, मॅडम. म्हणूनच मी भरभर..."

"पुस्तक नको. बोटांना काय लागतं?"

हिमांशूनं पुन्हा धरलं. "मऊ. मळलेल्या कणकेसारखं."

"मग?"

त्याचा चेहरा उतरला. "रक्तात मीठ वाढलंय."

रक्तात मीठ साचलेलं असताना पाणी भरभर दिलं, की मेंदू सुजतो. हे तो शिकला होता. पण सकाळपासून जुलाबानं सुकलेल्या पोरांची रीघ लागली होती आणि त्यानं सगळ्यांना एकाच मापानं मोजलं होतं.

"तीन टक्क्यांचं सलाईन भर."

"मॅडम, मीठ वाढलेलं असताना मीठच?"

"मेंदूची सूज उतरण्यापुरतं. सावकाश दे. तूच दे, मी इथंच आहे."

त्यानं सिरिंज लावली. समोरच्या नव्या इमारतीच्या स्लॅबवर मजूर पाइपनं पाणी मारत होते. त्याचा सपसप आवाज वॉर्डात येत होता. सिरिंज रिकामी होत आली तसा कार्तिकीचा हात एकदा उडाला, मग खाटेवर पडून राहिला. झटके थांबले.

"आता सांग. आजीला काय विचारायचं राहिलं?"

"ओआरएसच्या पावडरचं पाणी दिलं का, विचारलं होतं. हो म्हणाल्या."

"कसं दिलं?"

हे त्यानं विचारलं नव्हतं. कालिंदीबाई भिंतीला टेकून बसलेल्या केसरबाईंकडे वळल्या. फुलंब्रीकडच्या खेड्यातून त्या एकट्याच नातीला घेऊन आल्या होत्या.

"आजी, पावडर किती पाण्यात कालवली?"

"गिलासात. अख्खी पुडी."

"पुडीला एक लिटर पाणी लागतं ना?"

"ठावं हाय की. आशाताईनं सांगितलं व्हतं, लिटरभर करा अन् दिसभरात उरलं तं फेकून द्या." केसरबाईंनी पदर सावरला. "आता तुमीच सांगा म्याडम, पाणी फेकायचं व्हय? हिची माय आत्ता टँकरपाशी उभी हाय. नंबर गेला तं आठ दिस घर कोरडं. लेकरू पिऊन पिऊन किती पिणार? म्हणून दाट केलं. औषध तं तेवढंच गेलं ना पोटात?"

हिमांशूनं मान खाली घातली. कालिंदीबाईंनी ते शब्द ओळखले. 'उरलं तर फेकून द्या.' तालुक्यातल्या आशाताईंच्या प्रशिक्षणात दर उन्हाळ्यात त्या हेच सांगत आल्या होत्या, याच शब्दांत.

"हिमांशू," त्या म्हणाल्या, "ते वाक्य माझं आहे."

संध्याकाळी कार्तिकी जागी झाली. जीभ ओठांवरून फिरू लागली. केसरबाईंनी बाटली उघडली.

"घोटभर पाजते."

"नको आजी," हिमांशू आडवा आला. "आम्ही शिरेतून देतोय. हळूहळूच द्यायला लागतं."

"गावात पाणी नव्हतं म्हणून नाय पाजलं. इथं हाय, तरी नाय पाजायचं? लई अजब दवाखाना बाबा तुमचा!"

तो खाटेपासून हलला नाही. दुसऱ्या दिवशीही ड्रिपचे थेंब तोच मोजत होता. चहा तिथंच आला, तिथंच निवला.

तिसऱ्या सकाळी कार्तिकी रडली. गालावर पाणी ओघळलं. सिस्टर हसल्या. जुलाबाच्या वॉर्डात पोराच्या डोळ्यांत पाणी आलेलं सगळ्यांना हवंच असतं. पोरीनं डाव्या हातानं हिमांशूचा स्टेथोस्कोप धरून ओढला. कालिंदीबाईंनी तिच्या उजव्या तळव्यावर आपलं बोट ठेवलं. मूठ मिटली नाही.

केसरबाई पाहत होत्या. "अन् ह्यो हात?"

हिमांशूनं मॅडमकडे पाहिलं. त्यांनी नजर वळवली नाही.

"आजी," तो म्हणाला आणि फरशीवर केसरबाईंच्या शेजारी बसला. "सांगतो. माझ्याकडून पाणी घाईनं गेलं." कालिंदीबाई त्याच्या मागं उभ्या राहिल्या. त्याचं सांगून होईस्तोवर जागच्या हलल्या नाहीत.

सुट्टी मिळाली त्या दिवशी पुडी कशी कालवायची हे कालिंदीबाईंनी स्वतः दाखवलं. लिटरभराचं भांडं, काठापर्यंत पाणी, अख्खी पुडी. वॉर्डातल्या साऱ्या आया जमल्या. केसरबाईंनी नातीला वाटीनं पाजलं. पोट भरलं तसं तिनं तोंड फिरवलं. भांडं जवळजवळ भरलेलंच होतं.

"अन् उरलं तं?" केसरबाईंनी विचारलं.

साऱ्या आया कालिंदीबाईंकडे वळल्या.

"दिवस मावळायच्या आत घरातल्या मोठ्यांनी प्यायचं. फेकायचं नाही."

"मोठ्यांनी पेलं तं चालतंय?"

कालिंदीबाईंनी भांडं उचलून तोंडाला लावलं. सगळ्यांसमोर, उभ्यानं, घोट घोट करत त्या शेवटपर्यंत प्यायल्या. आजीच्या मांडीवरून कार्तिकी रिकाम्या भांड्याकडे झेपावली. डावा हात पुढं आला.