ठाण्याचा बाक बाजारात बसला

मी एक जुना बाक आहे. शाळेतला नाही आणि बागेतलाही नाही. मी कुसुमटोल्याच्या पोलीस ठाण्याच्या ओसरीतला बाक आहे. घाबरलात का, मित्रांनो? घाबरू नका. तीस वर्षे लोक मला घाबरतच आले, आणि तीस वर्षे मला त्याचे वाईट वाटत आले.

माझे लाकूड बिजाचे. आमच्या गोंदिया जिल्ह्याच्या जंगलातले हे पक्के झाड. पाण्याने सडत नाही, वाळवीला दाद देत नाही. कामठ्याच्या बकाराम सुताराने मला घडवले. रंधा मारता मारता तो स्वतःशीच बोलायचा. "चार मानसं मांडीला मांडी लावून बसली पायजेत, अन् पोटभर हासली पायजेत. तवा बेंच खरा." त्याला वाटत होते की मी एखाद्या शाळेत जाणार. धानाच्या पोत्यांवर उलटा पडून मी ट्रॅक्टरमधून निघालो, तेव्हा तो सोबत होता. ट्रॅक्टर पोलीस ठाण्यासमोर थांबला. बकारामने पाटी पाहिली, मला पाहिले आणि डोके खाजवले.

"बाप्पा! इथं कोन हासनार गा?"

त्याचे म्हणणे खरे ठरले.

आमच्याकडे 'बसणे' हा किती चांगला शब्द आहे पाहा. लोक पंगतीला बसतात, भजनाला बसतात, सोयरीक जुळवायला बसतात. पण त्याच्या आधी 'ठाण्यात' हा शब्द आला की सगळे बिघडते. 'त्याले ठाण्यात बसवलं' म्हणजे त्याला पोलिसांनी पकडून नेले. हे बसवणे कुठे होत असे? माझ्यावरच! म्हणून माझ्यावर बसणारा माणूस मान खाली घालूनच बसायचा. अर्ज द्यायला आलेले भले लोकही उभेच राहत. म्हणत, "नको साहेब, इथं बसलो त गावभर बोभाटा होईल." आया लेकरांना दटावत, "जेवतेस का नाई? नाई त ठाण्याच्या बेंचावर बसवीन!" मी आतल्या आत हिरमुसत असे.

त्यात माझा एक पाय अधांतरी. ओसरीची फरशी एका कोपऱ्यात खचली होती, त्यामुळे कोणी टेकले की मी डुगडुगायचो. ठाण्यातल्या कैलाश हवालदाराला माझी ही सवय मुळीच आवडत नसे. कैलाश मनाने वाईट नव्हता, पण त्याला प्रत्येक गोष्टीची घाई फार. एकदा त्याने टेबलावरचा एक कागद उचलला, चार घड्या केल्या आणि माझ्या पायाखाली सारला. माझे डुगडुगणे थांबले. सगळे म्हणाले, "वा, कैलाश!" मलाही बरे वाटले. त्या कागदावर काय लिहिले होते, ते मला तरी कुठे ठाऊक होते?

अशी सहा वर्षे गेली. मागच्या पावसाळ्याच्या शेवटी ठाण्यात नवीन ठाणेदार आल्या. त्यांचे नाव मंजू, पण सारे त्यांना मॅडमच म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी डबा उघडला आणि माझ्यावर बसून जेवल्या! तीस वर्षांत माझ्यावर बसून आनंदाने जेवलेले ते पहिले माणूस. लोणच्याचा एक थेंब माझ्यावर सांडला. तो डाग मी अजून जपून ठेवला आहे.

मॅडमना गावात एक नागरिक सल्लागार मंडळ तयार करायचे होते. नाव मोठे आहे, पण गोष्ट साधी आहे. गावातली सात माणसे महिन्यातून एकदा पोलिसांसोबत बसतील. गावात कुठे भीती वाटते, पोलिसांचे काय चुकते, काय करायला हवे, हे तोंडावर सांगतील. पोलीस ऐकतील, आणि पुढच्या महिन्यात काय केले ते सांगतील. ग्रामसभेने सात नावे निवडून दिली, पण त्या सातांतल्या बहुतेकांना ते कोणी सांगितलेच नव्हते. महिनाअखेरपर्यंत पहिली बैठक घेऊन जिल्ह्याला कळवायचे होते. बैठकच झाली नाही, तर 'गावाची इच्छा दिसत नाही' असे लिहून फाइल बंद होणार होती.

निरोप द्यायचे काम कैलाशकडे आले. त्याने मोटारसायकल काढली आणि अर्ध्या तासात साती घरे उरकली. प्रत्येक दारात थांबून, गाडी बंद न करता, एकच वाक्य.

"मंगळवारी दहा वाजता ठाण्यात बसाचं हाये. मॅडमनं बोलावलं."

झाले! त्याला म्हणायचे होते 'बैठक आहे'. गावाने ऐकले 'बसवणार आहेत'.

मंगळवार उजाडला. किराणा दुकानदार मुन्नालालने दुकानाचे शटर पाडले आणि तो बालाघाटला साडूकडे निघून गेला. दोघे जण आजारी पडले. इतरांचा पत्ताच नव्हता. आला फक्त एक माणूस, धानाची शेती करणारे चैतरामकाका. त्यांच्या एका काखेत चादर, दुसऱ्या हातात भाकरीचे गाठोडे, आणि मागे कोट घातलेले दोन पाहुणे. काका चादर पसरून गुपचूप माझ्यावर बसले.

मॅडम बाहेर आल्या. "काका, हे दोघे कोण?"

"माये जामीनदार."

"जामीनदार कशाला?"

"मंग सुटनार कसा, बाई? शेताच्या धुऱ्याचं भांडन त मागच्याच साली मिटलं. अजून काऊन बसवून राह्यले मले?"

मॅडमनी कैलाशकडे पाहिले. कैलाशने छताकडे पाहिले. मग मॅडम जे हसू लागल्या, ते थांबेचनात. खुर्चीचा आधार घेऊन त्या हसल्या. जामीनदार गोंधळले. काका जरा रागावले.

"हासता कायले? रातभर झोपलो नाई मी!"

मॅडमनी हात जोडले, सगळे समजावून सांगितले आणि काकांना चहा पाजला. काकांनी दोन्ही जामीनदारांनाही चहा मागितला, कारण त्यांना एवढ्या लांबून आणले होते. चहा संपला. पण मॅडमच्या कपाळावर आठी होती. सातातला एक आला होता, आणि महिना संपायला एकच मंगळवार उरला होता.

मंगळवार हा आमच्या गावच्या बाजाराचा दिवस. मॅडम तशाच उठल्या आणि काकांना सोबत घेऊन बाजारात गेल्या. तिथे काय झाले, ते काकांनी नंतर इतक्या वेळा सांगितले की मला पाठ झाले आहे. मंडळासाठी निवडलेली देवकाबाई मासोळी विकत बसली होती. नवेगाव बांधच्या तलावाची मासोळी ती गेली वीस वर्षे विकते.

"देवकाबाई, तुम्ही आला नाहीत," मॅडम म्हणाल्या.

"कायले येऊ?" देवकाबाईने मान वर न करता मासोळीचे खवले काढले. "सहा साल झाले, एकडाव आली होती. अर्ज देल्ला. त्या अर्जाले पाय फुटले का पंख फुटले, देवाले ठाऊक!"

"कशाचा अर्ज होता?"

तेव्हा तिने सांगितले. फाट्यावर एसटीचा प्रवासी निवारा आहे. संध्याकाळी तिथे टोळके पत्ते कुटत बसते. तालुक्याच्या गावाहून, गोरेगावहून, शिकून परतणाऱ्या मुली बसमधून उतरल्या की शेरे मारते. त्या त्रासाने तिच्या मोठ्या नातीची, डिंपलची, शाळा दहावीनंतर सुटली. आता धाकटी नात दामिनी अकरावीला आहे, रोज गोरेगावला जाते. हिवाळ्यात सहाची बस येते तेव्हा अंधार पडलेला असतो.

"तिचा बाप म्हनते, दिवाळीपासून हिचीही शाळा बंद. एक पोरगी घरी बसली. आता दुसरीले बसवाचं का, सांगा तुमी!"

मॅडम तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी हेच सर्वांसमोर बोलाल?"

"बोलीन. पन ठाण्यात नाई बसनार. तुमचा तो बेंच आना इकडे मोहाच्या झाडाखाली. गावाले ठाण्यात कायले बसवता? ठाण्यालेच बाजारात बसवा!"

मित्रांनो, तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून पुढच्या मंगळवारपर्यंत मला चैन पडले नाही. तीस वर्षांत मी ओसरीबाहेरचे झाड पाहिले नव्हते, आणि मी स्वतः झाडाचाच!

मंगळवार आला. दोन शिपाई एका बाजूने आणि कैलाश दुसऱ्या बाजूने, अशी माझी वरात निघाली. बाजारातल्या बाया पदर तोंडाला लावून विचारू लागल्या, "कोनाले पकडलं गा, कैलाश?"

"बेंचाले!" कैलाश वैतागून ओरडला.

"काय चोरलं तेनं?"

सगळा बाजार हसला. मोहाच्या झाडाखाली मला ठेवले. ऊन पानांतून गाळून माझ्यावर पडले. सात जण येऊन उभे राहिले. बालाघाटहून मुन्नालालही परतला होता. पण बसेना कोणीच! सवय कशी मोडणार? मग मॅडम आधी बसल्या, शेजारी कैलाशला बसवले. ते पाहून चैतरामकाका टाळी वाजवून ओरडले, "आज गावानं पोलिसांले बसवलं!"

हास्याचा असा स्फोट झाला की झाडावरचे पोपट उडाले. देवकाबाई हसत हसत माझ्यावर टेकली, मग काका टेकले. चार माणसे, मांडीला मांडी लावून. बकाराम, तू पाहायला हवा होतास.

तेवढ्यात दामिनी पुढे आली. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून आजीला पाण्याची बाटली द्यायला ती आली होती. तिने खाली वाकून माझ्या पायाला चिकटलेला चपटा कागद सोडवला. मला उचलले तेव्हा तो माझ्यासोबतच आला होता. तिने घड्या उलगडल्या आणि तिचा आवाज बदलला.

"आजी, हे त ताईचं अक्षर हाये!"

देवकाबाईला लिहिता येत नाही. सहा वर्षांपूर्वी तो अर्ज डिंपलनेच लिहून दिला होता. दामिनीने तो मोठ्याने वाचला. 'मला पुढे शिकायचे आहे, म्हणून निवाऱ्याकडे लक्ष द्यावे, ही विनंती.' खाली आजीचा अंगठा.

मी तर लाजेने मेलो. सहा वर्षे मी ज्यावर ऐटीत उभा होतो, ते एका मुलीचे शिक्षण होते.

कैलाश उठून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. "बेंच हालत होता," तो हळूच म्हणाला. "वाचला नाई मी. तसाच घडी करून ठेवला. माई चूक झाली, देवकाबाई."

देवकाबाईने पदर खोचला. मला वाटले, आता ही उठून जाणार. ती उठली की बाकीचेही उठणार, आणि मंडळ संपणार.

"सहा साल दाबून ठेवला," ती म्हणाली. "लोनचंही एवढं मुरत नाई, गा! आता काढलास त वाढ पानात. नुसता वास नको देऊ."

लोक पुन्हा हसले, पण या वेळी जरा जपून. मॅडमनी तो कागद गुडघ्यावर ठेवून तळहाताने सरळ केला आणि मंडळाच्या नव्या वहीत पहिल्या पानावर चिकटवला. "हा पहिला विषय," त्या म्हणाल्या.

मग कामाचे बोलणे सुरू झाले. कैलाश स्वतःहून म्हणाला की सहाच्या बसला मी रोज फाट्यावर उभा राहीन. मुन्नालाल म्हणाला, "लाइट मेरी तरफ से लगाओ, मॅडम, लेकिन बल्ब कोणी चोरला तर?" "तर तुम्हीच जामीनदार," मॅडम म्हणाल्या. शेवटी पत्ते कुटणाऱ्यांची नावे विचारली, तेव्हा सारे चैतरामकाकांकडे पाहू लागले. त्या टोळक्यात त्यांचा मुलगा धर्मेंद्र होता. काकांनी चादरीची घडी करावी तशी मान खाली घातली, मग वर केली.

"धर्मेंद्रचं नाव पयलं लिवा," ते म्हणाले. "घरचं मी पाहतो. तेच्यासाठी जामीनदार आननार नाई."

त्या हिवाळ्यात फाट्यावर दिवा लागला. कैलाश पहिल्या दिवशी घाईने पाच वाजताच जाऊन उभा राहिला, आणि बस अर्धा तास उशिरा आली. रोज उभे राहून राहून त्याला आता सगळ्या मुलींची नावे पाठ झाली आहेत. धर्मेंद्रने मंडळासमोर येऊन मुलींची माफी मागितली. दिवाळी आली आणि गेली, दामिनीची शाळा सुरूच राहिली. गेल्या महिन्याच्या बैठकीला देवकाबाईसोबत डिंपलही आली होती. शाळेत न जाता बारावीची परीक्षा देता यावी म्हणून तिने सतरा नंबरचा फॉर्म भरला. तो तिने माझ्यावर ठेवूनच भरला, मित्रांनो! तिच्या पेनाची टोक टोक अजून माझ्या अंगात आहे.

आता महिन्याच्या पहिल्या मंगळवारी माझी वरात निघते. बाकीचे दिवस मी ओसरीत असतो, पण लोक माझ्यावर बसू लागले आहेत. कोणी पान चघळत, कोणी बसची वाट पाहत, कोणी उगीचच. ओसरीतली फरशी मात्र खचलेलीच आहे, आणि मी पुन्हा डुगडुगतो. एका शिपायाने मध्ये एक कागद घडी करून आणला होता. कैलाशने तो त्याच्या हातातून काढून घेतला. "हालू दे," तो म्हणाला. "हालला म्हनजे मले याद राहते."

मित्रांनो, तुमच्या शाळेतही एखादा डुगडुगणारा बाक असेल. त्याच्या पायाखाली कागद घालायला माझी हरकत नाही. फक्त घालण्याआधी तो उलगडा आणि शेवटपर्यंत वाचा. कुणीतरी उत्तराची वाट पाहत असेल.