शेवटचा चक्रव्यूह

पेनरिज गेम्स ही कंपनी उत्तर इंग्लंडमधल्या एका गावात, सायकलींच्या दुकानावरच्या खोलीत सुरू झाली. दोन मित्र कॅसेटवर खेळ भरायचे आणि पोस्टाने पाठवायचे. त्या काळी टेपरेकॉर्डर कॉम्प्युटरला जोडून खेळ चढवावा लागे. पुढे फ्लॉपी आली, मग सीडी. हातात कंदील घेतलेला एक बुटका चक्रव्यूहातून वाट काढतो, हा त्यांचा खेळ इतका चालला की त्याचे भाग निघत राहिले. १९९७ साली नव्या भागासाठी त्यांनी मुलांची स्पर्धा ठेवली: शेवटचा चक्रव्यूह तुम्ही आखा.

दुबईत करामाला राहणाऱ्या अकरा वर्षांच्या शुभ्राने तो आखला. ग्राफच्या एका कागदावर मावेना, म्हणून दुसरा घेतला. कागदांच्या कोपऱ्यांत एक आणि दोन असे आकडे घातले. तिच्या बाबांनी, निनादने, ऑफिसातून फॅक्स केला. काही आठवड्यांनी उत्तर आलं. तिचाच चक्रव्यूह निवडला होता. शुभ्राने ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगितलं.

पुढच्या वर्षी रास अल खोरच्या वितरकाकडून निनादने खेळ आणला. शुभ्रा आणि खालच्या मजल्यावरचा रुहान शाळा सुटली की खेळायला बसत. एका गुरुवारी, तिथल्या शाळांच्या आठवडी सुट्टीच्या सकाळी, ते शेवटाला पोचले. पडद्यावर शुभ्राचं नाव आलं. बुटका आत शिरला, त्याने एक पाऊल टाकलं, बाहेरचं दार उघडलं आणि अभिनंदनाची पाटी झळकली.

"दॅट्स इट?" रुहान म्हणाला. "वन स्टेप, खलास? और इतना भाव खा रही थी!"

"आय डिडन्ट मेक धिस," शुभ्रा म्हणाली.

निनादने इंग्लंडला फोन लावला. तो नंबर बंद होता. मग वितरकाला लावला, स्पीकरवर.

"कंपनी बंद झाली, सर. शेवटच्या लेव्हलवरून लोक सीडी परत आणून देतायत. आणि मी बसलोय रिकाम्या हाताने."

शुभ्रा शेजारीच उभी होती. त्या दिवशी ती जेवली नाही. "आय क्लोज्ड देअर कंपनी," एवढंच म्हणाली.

समोरच्या फ्लॅटमधल्या साधना आंटी बिल्डिंगमधल्या मुलांना गणित शिकवत. त्यांनी तिला चक्रव्यूहाचे कागद घेऊन बोलावलं आणि टेबलावर एक नंबरचा डावीकडे, दोन नंबरचा उजवीकडे ठेवला.

"नो आंटी." शुभ्राने अदलाबदल केली. "वन कम्स हिअर. यू स्टार्ट फ्रॉम द राइट."

"का गं?"

"लाइक अवर अरेबिक बुक..." ती थांबली. तिच्या शाळेत अरबी सक्तीचं होतं आणि ती वही उजवीकडून उघडायची. तिने कागद पुन्हा आंटींनी ठेवले होते तसे ठेवले. आत शिरायचं दार आणि बाहेर पडायचं दार आता पाठीला पाठ लावून उभी होती.

"तिकडचे लोक तुझ्या अरबीच्या तासाला कधी बसले होते?" आंटी म्हणाल्या.

"सो इट वॉज मी."

"कागदांपुरती चूक तुझी. बाण काढला नाहीस. आता सांग, विकण्याआधी खेळ एकदा शेवटपर्यंत खेळून बघायचं काम कुणाचं?"

"देअर्स."

निनाद दारात उभा होता. "वितरक म्हणाला, खेळून बघणारी माणसं त्यांनी स्पर्धेच्या आधीच्या हिवाळ्यातच काढली. पगाराला पैसे नव्हते."

"त्यातला एक जरी असता तर?" आंटींनी विचारलं.

"ही वुड नो. इन वन सेकंड."

"मग कंपनी कधी बुडायला लागली? तुझ्या चक्रव्यूहानंतर, की आधी?"

शुभ्राने दोन्ही कागद जवळ ओढले.

"बिफोर," ती म्हणाली.

मग तिने एक नंबरचा कागद उजवीकडे ठेवला, दोन्ही कागद चिकटपट्टीने जोडले आणि पहिल्या दारापाशी लाल बाण काढला. रुहानला वर बोलावून हातात पेन्सिल दिली. पहिला कागद त्याने भराभर ओलांडला. दुसऱ्यावर तो अडकला, मागे आला, पुन्हा अडकला. खालून जैनबने, त्याच्या आईने, जेवायला हाक मारली.

"अम्मी, पाच मिनट!"

शुभ्रा हातावर हनुवटी टेकून बघत होती. वाट सांगत नव्हती.

"वन स्टेप ना?" तिने विचारलं.

रुहानने वर बघितलं नाही. त्याने खोडरबर मागितलं.