डाव्या बाजूचा ब्रेक

भीमसिंगाचा पाय पुढे गेला आणि जोरात दाबला गेला.

पायाखाली पेडलचं लोखंड लागायला हवं होतं, ते लागलं नाही. लागलं ते काहीतरी मऊ आणि गरम. बबिताचं पाऊल ब्रेकवर हलकंच टेकलेलं होतं आणि त्यावर शेजारच्या खुर्चीतल्या बापाचा आख्खा पाय पडला होता. टीव्हीच्या पडद्यावर लाल गाडीनं वळणाच्या मधोमध गिरकी घेतली. रस्ता गेला, झाडं आली, पुन्हा रस्ता आला तो उलटा, आणि मग नुसती धूळ.

"अरेरे! गेली!" मागच्या खाटेवरून नागोराव ओरडला.

बबिता ओरडली नाही. तिनं खालचा ओठ दातांत धरला, टेबलाला लावलेलं चाक पूर्ण फिरवलं, गाडी रस्त्यावर आणली. तेवढ्यात तीन गाड्या सूं करून पुढे निघून गेल्या. भीमसिंगानं पाय खुर्चीखाली ओढून घेतला आणि इकडेतिकडे पाहिलं. खोलीतल्या सगळ्यांचे डोळे पडद्यावर दिसले. त्याच्या पायाकडे कोणी पाहिलं असेल असं वाटलं नाही.

महागावातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला त्यानंच शिकवलेलं. मास्तर, तलाठी, नव्या सुना, दुकानदारांची पोरं. त्याच्या शिकवणीच्या गाडीत डाव्या बाजूला, त्याच्या पायापाशी, दुसरा ब्रेक बसवलेला होता. शिकणाऱ्यानं घाबरून चाक सोडलं की तो बोलण्याच्या भानगडीत पडत नसे, पाय दाबत असे. इतकी वर्षं नवशिक्यांच्या हातात देऊनही गाडीला साधा ओरखडा नाही, हे तो पानठेल्यावर अनोळखी माणसालाही ऐकवी. घरी जेवताना रामीबाई भाजीचं पातेलं ओट्याच्या अगदी काठावर ठेवू लागली तरी त्याचा पाय जमिनीवर दाबला जाई, आणि मायलेकी हसत.

बबितानं त्याच्याकडून एक वर्ष मागून घेतलं होतं. कॉम्प्युटरवरच्या शर्यतींचा हा शेवटचा रविवार. पहिले आठ जण पुण्याला जाणार, आणि तिथली रेसिंग टीम त्यातून आपले चालक निवडणार. जमलं नाही तर ती मुकाट्यानं बापाच्या ऑफिसात लायसनची कामं बघत बसणार, असं ठरलं होतं. वळण येईपर्यंत ती पाचवी होती.

त्या वळणाबद्दल तिनं त्याला आठवड्यापूर्वीच समजावून सांगितलं होतं.

"बा, या गाडीचं इंजन समोर नाही. माह्या पाठीमागं आहे, मधात. म्हणून वळते कशी, भिंगरीसारखी. पण वळणात भेऊन रेसवरचा पाय काढला का वजन सारं समोर जाते. मागचं होते हलकं, अन मागचं समोर याले पाह्यते. सुटली सुटली वाटलं तरी रेस थोडी धरूनच ठेवा लागते."

"अन ब्रेक मारला तं?"

"तं संपलं."

भीमसिंगाला ते पटलं होतं. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलुख फिरलेले. ओझं कुठे असलं की जनावर कसं वळतं, हे घरात बोललं जाई. तरी तो हसून म्हणाला होता, "माह्या गाडीत तं भेव वाटलं का ब्रेकच."

आज पडद्यावर लाल गाडीचं मागचं अंग सुटू लागलं तेव्हा बबिता घाबरली नव्हती. चाक उलटं धरून, रेस कायम ठेवून ती गाडी सावरत होती. घाबरला तो.

शर्यत संपली. बबिता आठवी आली. म्हणजे अगदी काठावर, पण आत. रामीबाईनं चहाचे कप ठेवले. तेवढ्यात स्पीकरमधून पंचाचा आवाज आला. शर्यत सुरू होण्याआधी याच आवाजानं बजावलं होतं की खोलीत कोणीही बसावं, पण चाकाला किंवा पेडलला दुसऱ्याचा हातपाय लागला तर निकाल रद्द. तेव्हा बबिता म्हणाली होती, "ऐकलं ना, बा?" आणि तो म्हणाला होता, "मी का लहान लेकरू आहो?"

"बबिता, एक सवाल है," आवाज म्हणाला. "उस मोड़ पर आपने पूरा ब्रेक दबाया. वहाँ कोई ब्रेक नहीं करता. क्या हुआ था?"

भीमसिंगानं तोंड उघडलं. बबितानं त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली, नाही म्हणून.

"डर गई, सर," ती म्हणाली.

"डर गईं?"

"हाँ सर. गाड़ी फिसली, तो डर गई."

पलीकडे कोणीतरी हसलं. मग आवाज म्हणाला, "ठीक है. रिजल्ट वही रहेगा. पुणे में मत डरना."

भीमसिंगानं हातातला कप खाली ठेवला. पहाटे उठून, थंडीत बोटं आखडलेली असताना याच वळणावर शंभरदा जाणारी ही पोरगी. तिनं एवढ्या लोकांदेखत तो एकच शब्द स्वतःला लावून घेतला, जो तिला कधी लागला नव्हता.

नागोरावानं फुर्रकन चहा ओढला. त्याची शेती गावाबाहेर होती आणि त्याची पोरगी अंजू गेल्या पंधरवड्यापासून भीमसिंगाकडे गाडी शिकत होती.

"काही म्हणा," तो म्हणाला, "पोरीच्या जातीले ऐन टायमावर भेव वाटतेच गा."

"वाटते, काका," बबिता चाकाकडे पाहत म्हणाली.

"तेच म्हणतो. खेळात ठीक आहे. रस्त्यावर असं झालं तं? भीमसिंग, आमच्या अंजूचं राहू दे आता. स्कुटी चालवते तेवढी बस झाली."

खाली चटईवर बसलेली अंजू चटईची काडी ओढत राहिली. बबिता उठली तेव्हा डावा पाय टेकताना तिचा तोल गेला.

"पायाले काय झालं, वो?" रामीबाईनं विचारलं.

"मुंग्या आल्या, याडी," ती आईला म्हणाली.

नागोराव निघाला तेव्हा भीमसिंग त्याच्यामागोमाग फाटकापर्यंत गेला. इथे ना माईक होता, ना पुण्याची माणसं.

"नागोराव, थांब जरा." त्यानं फाटक धरलं. "पोरगी नाही भेली. ब्रेक मी मारला. माह्या पायाची सवय तुले माहीत आहे. तिच्या पायावर पाय पडला माहा."

नागोरावानं त्याच्याकडे टक लावून पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू माया पसरली. त्यानं भीमसिंगाच्या खांद्यावर हात ठेवला.

"समजते गा मले. मीही बापच आहो."

"खरं सांगून राह्यलो."

"अन मी काय खोटं म्हणून राह्यलो? पोरीचा कमीपणा आपल्या अंगावर घ्याले काळीज लागते. दुसरा असता तं घरी गेल्यावर झोडपली असती तिले." तो मागे वळून म्हणाला, "अंजे, पाह्य. बाप असावा तं असा. उद्या सांगतोच मी चौकात."

"नको सांगू," भीमसिंग घाईनं म्हणाला.

"पाह्य, वरून मोठेपणाही नको याले!"

आणखी जोर देऊन सांगावं तर ही गोष्ट चौकातून कुठे जाईल याचा नेम नव्हता. आणि नाही सांगावं तर उद्यापासून गाव त्याला हात जोडणार होतं. भीमसिंग मान खाली घालून उभा राहिला. नागोरावाला तो विनय वाटला असावा. त्यानं खांदा आणखी एकदा दाबला आणि मोटरसायकल वळवायला पुढे गेला.

अंजू चपलेत पाय घालत मागे रेंगाळली.

"काका," ती हळूच म्हणाली, "मी खाली बसली होती. तुमच्या खुर्चीपाशी. समोर बबिताताईची खुर्ची होती, मले टीव्ही दिसतच नव्हता."

भीमसिंगानं वर पाहिलं नाही.

"पायच दिसत होते," ती म्हणाली.

मोटरसायकल सुरू झाली. नागोरावानं हॉर्न दिला.

"बाबाले मी समजावते घरी. सकाळी येते मी गाडीवर." ती दोन पावलं गेली आणि थांबली. "पण काका, तुम्ही गाडीत पाय वर घेऊन, मांडी घालून बसान का?"

तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. खरंच विचारत होती ती. उत्तराला थोडा वेळ दिला तिनं, मग धावत जाऊन बापाच्या मागे बसली.

गाडी वळणाआड गेली. धूळ खाली बसली. भीमसिंग फाटकाला हात लावून उभाच होता. हो म्हणायला त्याला जमलं नव्हतं.