अडीचशेचं इंजिन, दोन तुरे

शामरावच्या मोटारसायकलला सगळी मुंबई सपाट होती, फक्त दादरचा टिळक पूल तेवढा डोंगर होता. एकट्या शामरावला घेऊन ती कशीबशी चढायची. मागे कौसल्या बसलेली असली की खोदादाद सर्कल मागे पडताच तिला धाप लागायची. लढाई संपल्यावर लष्कराच्या भंगारातून बाहेर आलेली सव्वाशे सीसीची गाडी ती, तिच्याकडून आणखी काय अपेक्षा करणार? मग शामराव मान न वळवता म्हणायचा, "उतर गं." कौसल्या उतरायची. तो फटफट करत पुढे जायचा, पलीकडे प्लाझापाशी विडी पेटवून उभा राहायचा, आणि ती आख्खा पूल चालत यायची.

दर रविवारी हे ठरलेलं. नायगावच्या बीडीडी चाळीतून सकाळी निघायचं, पूल ओलांडून शिवाजी पार्कच्या कडेनं चौपाटीवर जायचं, दीड वर्षापूर्वी बाबासाहेबांना जिथं अग्नी दिला तिथं फुलं ठेवायची, घटकाभर वाळूत बसायचं आणि परत यायचं. शामराव मिलमध्ये फिटर. हाताखालून शंभर यंत्रं गेलेल्या माणसाची गाडी बायकोला घेऊन चढत नाही, हे त्याच्या जिवाला फार लागायचं.

कौसल्येला मात्र त्या पुलाचं वेड लागलं होतं. वर पोचलं की वारा अंगाला भिडायचा, खाली सगळं दादर उन्हात आणि धुरात तरंगत असायचं, लांबची धुराडी अंधुक होत होत आभाळात मिसळून जायची. एका खोलीत नऊ माणसांत राहणारी बाई ती. पुलावर तिला कोणी ओळखत नव्हतं, कोणी हाक मारत नव्हतं, आणि पावलं आपोआप हळू पडायची. पण खरी गंमत होती कठड्यावर.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. कठड्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत कोणीतरी डांबरानं हातहातभर अक्षरं रंगवली होती. कौसल्येला अक्षरं येत नव्हती. लग्न झालं तेव्हा शामरावनं हौसेनं पाटी आणली होती. तीन संध्याकाळी शिकवलं, चौथ्या संध्याकाळी वैतागून पाटी आपटली आणि म्हणाला, "जाऊ दे, तुझ्याच्यानं नाही व्हायचं." तो ते विसरूनही गेला. ती विसरली नाही. फुलं ठेवताना दर वेळी तिच्या मनात यायचं, हा माणूस शिका शिका म्हणून सांगून गेला आणि आपण त्याच्यापुढे अंगठेबहाद्दर ते अंगठेबहाद्दरच येऊन उभ्या राहतो. लाज वाटायची तिला, खरोखरची लाज.

मग एका रविवारी पुलावर समोरून मोर्चा आला. कौसल्या कठड्याला चिकटून उभी राहिली. हजार तोंडांतून एकच आवाज येत होता, संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे! आणि तिच्या नाकासमोर ती काळी अक्षरं. लोक 'झालाच' म्हणाले आणि तिला वाटलं, कठडाच बोलतोय. झा. ला. च. अगं बाई, हे तेच आहे! मोर्चा निघून गेला, आवाज विरून गेला, तरी ती तिथंच उभी राहून अक्षरांवरून बोट फिरवत होती. प्लाझापाशी शामरावच्या तीन विड्या संपल्या.

घोषणा तिला पाठच होती. रविवारमागून रविवार ती एकेका अक्षरावर बसवत गेली. कोणी नवं काही रंगवून गेलं की आधी ओळखीची अक्षरं शोधायची आणि उरलेली अंदाजानं लावायची. 'मोर्चा'तल्या 'मो'च्या डोक्यावर एक तुरा होता, 'चौपाटीवर सभा' यातल्या 'चौ'ला दोन. या एका तुऱ्याचा फरक उमगायला तिला तीन रविवार लागले, आणि उमगला त्या दिवशी उरलेला पूल ती कशी उतरली ते तिचं तिलाच कळलं नाही. आता थोडंच राहिलं होतं. एक दिवस शामरावच्या पुढ्यात वाचून दाखवायचं. तोवर चकार शब्द काढायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं.

आणि नेमकं तेव्हाच शामरावला इंजिन मिळालं.

परळच्या एका गॅरेजात ठोकर बसून मोडलेली गाडी पडली होती. तिचा सांगाडा कामातून गेला होता, पण इंजिन धडधाकट होतं. चांगलं अडीचशेचं. शामराव ते गोणपाटात गुंडाळून हातगाडीवरून घेऊन आला तेव्हा नव्या नवरदेवासारखा खुशीत होता.

"आता उतरायची भानगड नाय," तो म्हणाला. "बसल्या बसल्या पूल पार."

"चालायला मला काय त्रास नाय हो," कौसल्या म्हणाली.

"तुला नसंल. मला होतो ना!"

सासू जाईबाई ओट्यावरून म्हणाली, "तुझा बाप दहा पावलं पुढं चालायचा, मी मागं. त्यानं नाय कधी माझ्यासाठी इंजिन आणलं."

चाळीच्या अंगणात काम सुरू झालं. इंजिन मोठं, जुन्या जागेत मावेना. शामरावनं खालच्या पट्ट्या कापून जाड लोखंडाच्या नव्या केल्या. त्या बसल्या तर इंजिन बोटभर डावीकडे गेलं, चेन तिरकी धावायला लागली आणि दातांवरून उडायला लागली. मग दातेरी चकतीमागे वायसर घालून ती सरळ केली. इंजिनाचं डोकं टाकीला लागत होतं, म्हणून टाकी खालून ठोकून खोलगट केली. ठोकताना रंग उडाला, म्हणून रंग नवा दिला. यात दहा रविवार गेले, तेवढे दिवस पुलावर जाणं झालंच नाही. कौसल्या पट्टी धरायची, पाना द्यायची आणि मनातल्या मनात अक्षरं घोकायची. काही निसटायला लागली होती. पूल स्वप्नात यायचा, वाराही यायचा, पण कठडा कोरा असायचा. हे इंजिन बसूच नये, असं एकदा तिच्या मनात आलं आणि तिनं जीभ चावली. कोणासाठी राबतोय हा माणूस?

अकराव्या रविवारी गाडी तयार झाली. टाकीवर जुनं लुगडं बांधलेलं होतं. "हात लावू नको, रंग ओला हाय," शामराव म्हणाला आणि त्यानं किक मारली. आवाज असा निघाला की जाईबाईनं कानांवर हात ठेवले.

खोदादाद सर्कल मागे पडलं. 'उतर गं' आलंच नाही. गाडी पूल चढत नव्हती, पूलच खाली सरकत होता. कौसल्येनं मान वळवून कठड्याकडे पाहिलं. एक झा दिसला, एक पा दिसला, मग नुसती काळी रेघ धावत राहिली.

"बघितलंस?" शामराव ओरडला.

"बघितलं," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं ते वाऱ्याचं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

चौपाटीवर फुलं ठेवून झाली. वाळूत अजून ओल होती, समुद्र लांब गेला होता. शामरावनं तिला गाडीपाशी नेऊन डोळे मिटायला लावले आणि लुगडं सोडलं.

"उघड आता. काय लिवलंय, सांगू?"

निळ्या टाकीवर पांढरी अक्षरं होती, शामरावच्या हातची, जराशी कललेली. कौसल्या खाली बसली. तिचे ओठ हलायला लागले. क, त्याला तुरा. स. ल्या. आजवर तिचं नाव कोणी कुठं लिहिलं नव्हतं.

"कोसल्या," ती मोठ्यानं म्हणाली.

शामराव हसायला लागला आणि मध्येच थांबला. "तुला कोणी सांगितलं?"

"एक तुरा ऱ्हायला," तिनं 'क'च्या डोक्यावर बोट ठेवलं. "चौपाटीला कसे दोन असतात? तसे मला पण दोन पायजेत. ही कोण कोसल्या? मी कौसल्या."

चौथी पास शामराव वाकून आपल्याच अक्षरांकडे बघत राहिला. "मात्रा," तो पुटपुटला. "मात्रा म्हणतात त्याला."

"म्हणत असतील. मला कोणी सांगितलं नाय."

"मग शिकलीस कुठं?"

"पुलावर. तुम्ही 'उतर' म्हणायचात ना, तेव्हा."

शामराव नव्या इंजिनावर हात ठेवून उभा होता, चटका बसला तेव्हा त्यानं तो काढला. "पाटी आपटली होती मी," तो म्हणाला. तर त्यालाही आठवत होतं! कौसल्येच्या मनातला किती वर्षांचा सल त्या एका वाक्यानं निघाला.

परतताना प्लाझापाशी त्यानं इंजिन बंद केलं. "उतर गं," म्हणाला, आणि तोही उतरला. हँडल धरून ते अडीचशेचं धूड तो पुलावर ढकलायला लागला.

"काय राव, इंजिन बसलं काय?" जाता जाता कोणीतरी विचारलं.

"इंजिन फस्क्लास हाय," शामराव धापा टाकत म्हणाला.

कौसल्या कठड्याच्या बाजूनं चालत होती आणि मोठ्यानं वाचत होती. मध्यावर एका नव्या शब्दापाशी ती अडली. पहिलं अक्षर लागलं, दुसरं लागेना. शामरावला तो शब्द येत होता. पण गाडीचं ओझं मांडीवर तोलून धरत तो गप्प उभा राहिला.

"सावकाश वाच," तो म्हणाला. "मला घाई नाय."