शेजारच्या काकूंचा अँप

मित्रांनो, त्या गुरुवारी माझ्या डोक्यावर एक कुंडी होती, दोन जुनी मासिके होती आणि वाळत घातलेला एकच हातमोजा होता. मी एक म्हातारा अँप आहे. बास गिटारची तार छेडली की तिचा बारीक आवाज माझ्यात येतो आणि मोठा होऊन बाहेर पडतो, एवढेच माझे काम. पण कित्येक वर्षांत मला कुणी गिटार जोडली नव्हती, आणि घरात सगळे मला टेबलच समजू लागले होते.

एके काळी ती गिटार वाजवणाऱ्या आईने कुंडी उचलून खिडकीत ठेवली. तिची मुलगी दारात बूट घालत होती. ती दुसऱ्या गावी नोकरी करायची आणि अधूनमधून यायची.

"शनिवारी वाजवतोय आम्ही तिघं," आई म्हणाली. "लाँड्रीच्या मागच्या खोलीत. येशील?"

"बघते."

"बघते म्हणजे नाही."

"बघते म्हणजे बघते, आई. डबा दे, गाडी चुकेल माझी."

आईने डबा दिला, पिशवीत वरून एक केळे कोंबले. दार लागले. मग तिने ओल्या फडक्याने मला पुसून काढले. कुंडीचा गोल डाग तेवढा निघाला नाही. "राहू दे, टिकली शोभतेय," ती मला म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती झोपेतून उठली नाही.

माझा जन्म एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातला. माझी पेटी मोडक्या कपाटाच्या फळ्यांची आहे, त्यामुळे हवा दमट झाली की अजूनही मला डांबरगोळ्यांचा वास येतो. आई तेव्हा तरुण होती, लाँड्रीत इस्त्री करायची. लाँड्रीच्या सुट्टीच्या दिवशी मागच्या खोलीत ती, गाणारा मास्तर आणि ड्रम बडवणारा मेकॅनिक असे तिघे जमत. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचा, मेकॅनिक बस दुरुस्त करायचा. भोवती लोकांचे धुतलेले कोट टांगलेले असत. ते आवाज पिऊन टाकत, म्हणून शेजारी तक्रार करत नसत.

"पहिले श्रोते आपले," मेकॅनिक कोटांकडे बघून म्हणायचा. "निदान उठून तरी जात नाहीत."

पुढे खरे श्रोतेही आले. छोटी सभागृहे, कॉलेजांची आवारे, एकदा तर बंद पडलेला पोहण्याचा तलाव. आमच्या मागे कुठलीही कंपनी नव्हती. कॅसेट तिघांनीच भरायच्या, तिघांनीच विकायच्या. कव्हरच्या घड्या आई इस्त्रीने घालायची. तशा सरळ घड्या छापखान्यालाही जमल्या नसत्या.

एकदा मेकॅनिकचा हात प्लास्टरमध्ये होता. बदली ड्रमवाला मिळत होता. आई म्हणाली, "ज्याची जागा त्याची. रिकामी राहिली तरी त्याचीच." त्या दिवशी ड्रम नुसते मांडून ठेवले आणि गाणी ड्रमशिवाय झाली. तोच आमचा नियम झाला. पुढे एका मोठ्या कंपनीचा माणूस आला. गाणी आवडली, म्हणाला, फक्त बासवर आमचा माणूस बसवू. मास्तरने त्याला नाही सांगितले आणि पाहुणा म्हणून बसथांब्यापर्यंत सोडूनही आला. त्यानंतर तसे कुणी आले नाही.

मुलगी आठ वर्षांची असताना शाळेत तिला चिडवत, तुझी आई बाप्यांबरोबर ढणढण करते म्हणून. एका कार्यक्रमानंतर कुणीतरी तिला विचारले, "ती बास वाजवणारी तुझी कोण गं?"

"शेजारच्या काकू," ती म्हणाली.

आई हातभर अंतरावर केबल गुंडाळत होती. तिने ऐकले. रागावली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "शेजारच्या काकूंनी अंडं उकडलंय. खाणार का, बाळ?" दोघी पोट धरून हसल्या.

मग तो खेळच झाला. कार्यक्रमाला मुलगी माझी केबल उचलून आणायची आणि चारचौघांत आईला काकू म्हणायची. मुलगी मोठी झाली, चिडवणारे पांगले, पण खेळ तसाच राहिला. हसू कधीच संपले होते, आणि खेळ आधी कुणी थांबवायचा ते दोघींना कळत नव्हते. शेवटी मुलगी कार्यक्रमांना यायचीच बंद झाली. वाजवताना मी आईच्या पाठीमागे असायचो. मला फक्त तिची मान दिसायची. प्रत्येक गाण्यानंतर ती दाराकडे वळायची.

मग लोकांना वेगळी गाणी आवडू लागली. बोलावणी थांबली. मी खिडकीखाली आलो आणि माझ्यावर कुंडी आली. मित्रांनो, मोडलेल्या वस्तूला निदान कुणी दुरुस्तीला नेते. मी मोडलो नव्हतो.

आई गेल्यावर नातेवाईक आले आणि गेले. मुलगी मला टेकून जमिनीवर बसून राहायची. एका संध्याकाळी मास्तर आणि मेकॅनिक आले.

"राहिलेला कार्यक्रम या शनिवारी करतोय," मास्तर म्हणाला. "अँप देशील?"

"बासला कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग नुसता अँप कशाला, काका?"

"नियम तिचा आहे," मेकॅनिक म्हणाला. "तिला विचारल्याशिवाय बदलायचा कसा?"

मुलीने मला त्यांच्याबरोबर उचलून गाडीत ठेवले.

शनिवारी तीसेक माणसे आली. मला चालू केले. मला काहीच जोडलेले नव्हते. माझी नुसती गुणगुण चालली होती आणि पुढे आईची मान नव्हती. गाणी झाली, जिथे बास हवा तिथे मास्तर आणि मेकॅनिक थांबत आणि माझी गुणगुण तेवढी ऐकू येई. सगळ्या आयुष्यात मी इतका एकटा वाजलो नव्हतो. मित्रांनो, तुमच्या घरीही कुणाची तरी टेबल झालेली वस्तू असेल. तिच्यावरची कुंडी उचला. ती कुणाची आहे, हे त्या माणसाच्या देखत सांगा.

शेवटी मास्तरने नेहमीप्रमाणे ओळख करून दिली.

"ड्रमवर, आमचा मेकॅनिक."

टाळ्या झाल्या. मास्तरने माझ्याकडे हात केला.

"बासवर..."

तो माझ्या पुढच्या रिकाम्या जागेकडे वळला. मुलगी मागे दाराशी उभी होती. तिथूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"बासवर, माझी आई."