फोटोतल्या डोळ्यांवरची काळी पट्टी

बसा. मी फार बोलणार नाही, बोलायचाही कंटाळाच आलाय आता. मी एक काळी पट्टी. बोटभर लांब, दोन काड्यांइतकी रुंद, एका कडेला जराशी कुरतडलेली. डॉक्टर लोकांच्या मासिकात रोग्याचा फोटो छापायचा असला की त्याच्या डोळ्यांवर आडवी पट्टी दिसायची ना, तीच मी.

जन्म माझा साधाच. फोटोचा कागद ज्या काळ्या वेष्टनात गुंडाळून यायचा, ते वेष्टन फेकायला मासिकाच्या कचेरीतल्या काकांचं मन होईना. काका म्हणजे पानं मांडणारे. मजकुराचे तुकडे कापायचे, पानावर चिकटवायचे, फोटोची जागा आखायची, हे त्यांचं काम. त्यांनी पातं चालवलं आणि मला कापून काढलं. दुसऱ्या कुणी दर फोटोला नवी पट्टी कापली असती, पण काका पक्के कंजूष. काम झालं की मला अलगद सोलायचे, गोंद पुसायचे आणि टाचण्यांच्या डबीत ठेवून द्यायचे. म्हणून मी एकटीच वर्षानुवर्षं राबले.

किती डोळे माझ्याखाली आले म्हणून सांगू! म्हाताऱ्यांचे, तान्ह्या पोरांचे, भेदरलेले, फोटो काढणाऱ्यावर चिडलेले. सगळ्यांवर मी मुकाट्याने आडवी पडले. मला कुणी विचारलं नाही. त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

आता तुम्ही म्हणाल, संपादक काय करत होते? अहो, आमचे संपादकसाहेब तसे सरळ माणूस. सकाळी दवाखाना, दुपारी मासिक. लबाडीचा भारी तिटकारा. लेख आला की लिहिणाऱ्याचं नाव झाकून तो जाणत्या डॉक्टरांकडे तपासायला पाठवायचे, म्हणजे नाव बघून कुणी भीड धरायला नको. एकदा त्यांच्या शाळासोबत्याने दुसरीकडे छापलेलाच लेख शीर्षक बदलून पाठवला, तर साहेबांनी तो आल्या पावली परत केला. "वर्गमित्र असशील तुझ्या घरी!" म्हणून दिवसभर धुसफुसत होते. औषधाच्या मात्रेत एक टिंब इकडचं तिकडे झालं तरी काकांची खैर नसायची.

फोटो आला की मात्र एवढंच, "काका, पट्टी मारा." झालं. पट्टी मारली की माणूस ओळखू येत नाही, अशी सगळ्या कचेरीची खात्री. कुणी कधी ओळखून बघितलंच नव्हतं.

असाच एका बाईंचा फोटो आला. जबड्यात गाठ, एक गाल चांगलाच फुगलेला. मी नेहमीसारखी डोळ्यांवर पडले. शांत, दमलेले डोळे होते. अंक छापून गेला आणि मी डबीत गेले.

काही आठवड्यांनी, भर दुपारी, कचेरीचं दार धाडकन उघडलं. मी तेव्हा टेबलावर दुसऱ्याच एका फोटोवर चिकटून होते. एक तरुण मुलगी तरातरा आत आली. मागून तिची आई, गालावर रुमाल धरून.

"संपादक कोण?"

"मी. बसा ना."

"बसायला नाही आले मी." मुलीने अंक टेबलावर आपटला आणि ते पान उघडलं. "ही माझी आई."

साहेबांनी पानाकडे बघितलं, मग बाईंकडे. "हे पाहा, आम्ही नाव छापत नाही. डोळेसुद्धा झाकलेत. ओळख पटेल असं काही..."

"मला पटली ना! भर वर्गात पटली. मी नर्सिंगला आहे. आमच्या बाईंनी अंक फिरवला, गाठ कशी दिसते ते नीट बघून घ्या म्हणून. ही हनुवटीवरची खूण दिसते? लहानपणी मीच वाटी फेकून मारली होती. आईची हनुवटी मला ओळखू येणार नाही होय? आणि खाली काय लिहिलंय? कर्करोग. मला ही फोनवर सांगत होती, दाढ सुजलीय!"

साहेब चाचरले. "तुम्ही मुलगी आहात, म्हणून... बाकी कुणाला..."

मुलीने टेबलावर नजर फिरवली. वार्षिक अंकासाठी काढलेला साहेबांचाच फोटो तिथे पडला होता. तिने नखाने मला उचकटलं, साहेबांच्या डोळ्यांवर दाबून बसवलं आणि फोटो काकांसमोर धरला.

"काका, हे कोण?"

"साहेब," काका बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

एरवी कचेरी खो खो हसली असती. त्या दिवशी कुणाला हसू आलं नाही. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी काय झाकत होते, देव जाणे.

मग आई पुढे आल्या. बसस्थानकावर तिकीट खिडकीत बसायच्या त्या, बोलून बोलून आवाज बसका झालेला. रुमाल बाजूला करून म्हणाल्या, "शल्यवैद्यांनी फोटो काढला तेव्हा मला वाटलं, उपचाराला लागत असेल. छापायचाय म्हणाले असते तरी मी नाही म्हटलं नसतं हो. चार डॉक्टर शिकतील, शिकू देत की. पण हिची परीक्षा झाली की हिला जवळ बसवून मीच सांगणार होते. कसं सांगायचं ते रोज मनात घोळवत होते. ते माझं सांगणं तुम्ही घेऊन टाकलंत, साहेब. ते आता कुठून परत देणार?"

साहेबांनी तिथल्या तिथे, फोटो पाठवणाऱ्या त्या शल्यवैद्यांना फोन लावला. "त्या बाईंना विचारलं होतंस का?" पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला, "अहो, पट्टी होती की!" साहेबांनी फोन ठेवला.

अंक गावोगाव गेलेले, ते काय परत येणार? पुढच्या अंकात साहेबांनी पहिल्याच पानावर माफी मागितली, बाईंची ओळख न देता, आणि चूक स्वतःवर घेतली. नियमही केला, ज्याचा फोटो त्याला पान दाखवायचं, तो हो म्हणाला तरच छापायचं. डॉक्टर मंडळींनी नाकं मुरडली. आता लेख येणारच नाहीत म्हणाले. लेख थोडे कमी आले खरे.

वर्ष उलटलं असेल. त्याच बाई पुन्हा आल्या, या वेळी बोलावल्यावरून. शल्यवैद्यांनी नवा लेख लिहिला होता, पण आधी त्यांना विचारून. साहेबांनी पान त्यांच्यापुढे ठेवलं. शस्त्रक्रियेने गाल खोल गेलेला, आणि दुसऱ्या बाजूला गाठ पुन्हा डोकं वर काढत होती. काकांचा हात सवयीने डबीकडे गेला.

"राहू दे हो ती," बाई म्हणाल्या. "झाकून काय झाकलं गेलं?"

"मग छापू?" साहेबांनी विचारलं.

"थांबा जरा. ही दुसरी गाठ लेकीला ठाऊक नाही. रविवारी घरी येते ती. आधी सांगते, मग तुम्हाला कळवते."

छापखान्याचा माणूस दारात उभा होता. साहेबांनी त्याला परत पाठवलं.

सोमवारी फोन वाजला. साहेब नुसतं "बरं, बरं" म्हणाले, फोन ठेवला, चष्मा काढून पुसत बसले. मग काकांना म्हणाले, "सांगितलं म्हणाल्या तिला. छापा आता."

तो फोटो उघड्या डोळ्यांनी छापला गेला. बाई आता नाहीत. मुलगी मोठ्या रुग्णालयात नर्स आहे, असं काका एकदा म्हणाले.

मी साहेबांच्या टेबलाच्या काचेखाली पडून असते. उजेडाने विटून तपकिरी झालेय. कुणी फोटो घेऊन आला की साहेब काचेवर, माझ्या डोक्यावरच, बोट आपटून विचारतात, "विचारलंस का?" तेवढाच काय तो माझा उपयोग.

दमले मी. मला पुन्हा कुणाच्या डोळ्यांवर ठेवू नका. फोटो छापायचाच असेल तर त्या माणसाला विचारा. आणि तो हो म्हणाला तरी लगेच उठू नका. घरी कुणाला सांगायचं राहिलंय का, तेवढं विचारा.