अर्धा श्वास आधी

जहाजावर विमान उतरवताना ज्या क्षणी थांबायचं, नेमक्या त्याच क्षणी वैमानिकाने उडायची पूर्ण तयारी करायची असते. जमिनीवरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. पण डेकवरची धावपट्टी जेमतेम अडीचशे पावलांची. तिच्यावर आडव्या ताणलेल्या चार पोलादी तारा. विमानाच्या शेपटीखालचा आकडा त्यांतल्या एकीत अडकला तर अडकला. नाही अडकला, तर पुढे नुसतं पाणी. म्हणून चाकं टेकताच डाव्या हाताने थ्रॉटल, म्हणजे इंजिनाच्या शक्तीचा दांडा, पार पुढे ढकलायचा. तारेने विमान जागच्या जागी आवळून धरल्याचं हाडांना कळलं, की मगच हात मागे. धरले जाऊ, असं गृहीत धरायचं नाही.

मास्तर हे बारा वर्षं सांगत आला होता. डेकच्या मागच्या कडेला, डाव्या अंगाला, समुद्रावर टांगल्यासारखा एक लहानसा कट्टा होता. तिथे कानाशी फोन धरून तो उभा राही. येणाऱ्या प्रत्येक विमानाशी बोले, आणि ते उतरलं की त्याला गुण देई. म्हणून त्याचं नाव मास्तर. चांगल्या उतरणीला हिरवा चौकोन, बऱ्यापैकी असेल तर पिवळा, धोक्याची असेल तर तपकिरी. वैमानिकांच्या खोलीत भिंतीवर फळा होता. त्यावर प्रत्येकाच्या नावापुढे हे चौकोन रांगेने भरत जात.

त्या दुपारी समुद्र फुगलेला होता. डेक संथपणे वर येई, क्षणभर विचार केल्यासारखं थांबे आणि खाली जाई. मास्तरच्या शेजारी वही घेऊन उभी होती ती स्वतः वैमानिक होती. तिचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून सगळे तिला टिपणीसबाई म्हणत.

"आता कोण?" मास्तरने विचारलं.

"तुमचे भावोजी. म्हणजे आमचेही."

चार वर्षांपूर्वी मास्तर भर रेडिओवर चुकून "भावोजी, जरा वर" असं बोलून गेला होता. तेव्हापासून मुदपाकखान्यातल्या आचाऱ्यापर्यंत सगळं जहाज त्या माणसाला भावोजी म्हणू लागलं. मास्तरला उतरायला शिकवलं ते त्यांनीच. ताईशी त्यांचं लग्न झालं ते नंतर. शेहेचाळिसाव्या वर्षीही त्यांचं विमान दोरीवरून ओघळणाऱ्या थेंबासारखं सरळ येई. पुढच्या महिन्यात तुकडीची सूत्रं त्यांच्या हाती येणार होती.

विमान आलं. तसूभरही इकडेतिकडे नाही. चाकं टेकली, आकड्याने तिसरी तार धरली, तार करकरत लांबली आणि विमान थबकलं.

"काय देखणं उतरतात हो!" टिपणीसबाई म्हणाली. "हिरवा?"

मास्तरच्या कानांत इंजिनाचा आवाज अजून रेंगाळत होता. चाकं टेकल्यावर तो गर्जत वर चढायला हवा होता. तो चढला नव्हता. तार ताणली जाण्याच्या अर्धा श्वास आधीच तो आवाज उतरला होता. हात मागे आला होता. आकडा तारेवरून उसळला असता, तर विमानापाशी ना थांबण्याची जागा होती, ना उडण्याचं बळ.

हे पहिल्यांदाच झालं असतं तर गोष्ट वेगळी. गेल्या महिन्यात असाच आवाज उतरला होता. तेव्हा मास्तरने ती चूक पोटात घातली, वहीत हिरवा लिहायला लावला आणि संध्याकाळी भावोजींच्या खोलीत जाऊन विषय काढला.

"तारेनं धरलं होतं ना?" बुटाची नाडी सोडत भावोजी म्हणाले होते.

"धरलं होतं. पण तुम्ही आधीच..."

"अरे, आठशे वेळा धरलंय तिनं मला. लग्नाची बायको इतकं धरून ठेवत नाही! जा, जेवून घे."

मास्तर हसला होता. नंतर त्या हसण्याची त्याला सारखी लाज वाटत राहिली. कारण ही नवख्याची चूक नव्हतीच. नवख्याचा हात भीतीने पुढे जातो आणि पुढेच राहतो. ही चूक फक्त त्याच्याकडून होते, ज्याला तारेने कधीच दगा दिलेला नाही. आठशे वेळांचा विश्वास हळूहळू मनगटात साचतो आणि एके दिवशी मालकाला न विचारता हात मागे घेतो.

"मास्तर, पेन्सिल ताटकळली माझी," टिपणीसबाई म्हणाली. मग त्याचा चेहरा पाहून आवाज खाली आणत, "काय झालं?"

तपकिरी लिहिला तर नियम सरळ होता. एवढ्या अनुभवी माणसाची ही चूक दोनदा नोंदली गेली, की त्याला किनाऱ्यावर पाठवायचं, पुन्हा तपासायचं. आणि शेहेचाळिसाव्या वर्षी किनाऱ्यावर गेलेला वैमानिक सहसा डेकवर परतत नसे. एकदाच नोंदली, तर नुसती कानउघाडणी. मागची नोंद नव्हतीच. ती लपवणारा तो स्वतः होता.

त्याला ताई आठवली. निघायच्या सकाळी दारात बसून ती भावोजींच्या बॅगेची अडकलेली चेन मेणबत्ती घासून मोकळी करत होती. मान वर न करता म्हणाली होती, "तूच त्यांना खाली आणतोस ना? आणत जा बाबा." तेव्हा त्याने मान डोलावली होती. खाली आणणं म्हणजे काय, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नव्हतं.

"लिही," तो म्हणाला. "तिसरी तार. तपकिरी. चाकं टेकल्यावर शक्ती कमी केली. आणि खाली लिही: गेल्या महिन्यातही हेच. तेव्हा नोंद केली नाही. चूक मास्तरची."

टिपणीसबाईची पेन्सिल थांबली. "हे शेवटचंही लिहू? तुमचा कट्टा जाईल."

"अक्षर चांगलं काढ."

गुण वैमानिकांच्या खोलीत, सगळ्यांच्या समोर, मोठ्याने वाचायची जहाजाची रीत होती. ज्याचे गुण, त्याने वाद घालायचा नाही. नुसतं "मान्य" म्हणायचं. मास्तरने कागद वाचला तेव्हा खुर्च्यांवर बसलेले अकरा जण भिंतीकडे पाहू लागले. भावोजी हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यातलं काहीतरी हळूच विझत गेलं.

"किती आधी?" त्यांनी विचारलं. हा वाद नव्हता, म्हणून कुणी टोकलं नाही.

"अर्धा श्वास."

"आणि मागच्या वेळी?"

"त्याहून थोडं कमी."

भावोजी आपल्या डाव्या हाताकडे पाहत राहिले, परक्याचा हात चुकून आपल्या मांडीवर पडला असावा तसे. "मला तर वाटलं, मी पुढेच ढकललाय," ते म्हणाले. "शपथेवर सांगितलं असतं." त्यांनी हेल्मेट खाली ठेवलं. "मान्य."

ते उठून फळ्यापाशी गेले, तपकिरी खडू घेतला आणि आजचा चौकोन स्वतःच भरला. मग रांगेत मागे सरकत गेल्या महिन्यातला तो हिरवा चौकोन शोधला आणि त्यावरही खडू फिरवला. हिरवा पुरता झाकला गेला नाही. मळकट असं काहीतरी उरलं.

"मास्तर," मागे वळून न पाहता ते म्हणाले, "त्या दिवशी मी तुला जेवायला पाठवलं. तू गेलास कशाला?"



दुसऱ्या दिवशी सकाळी हेलिकॉप्टर त्यांना न्यायला आलं. डेकवर वारा इतका होता की निरोपाचे शब्द कानाशी तोंड नेऊनच बोलावे लागले.

"ताईला काय सांगाल?"

"सांगेन, तुझ्या भावानं नापास केलं." ते हसले, हसू डोळ्यांपर्यंत पोहोचलं नाही, पण वाटेत कुठेतरी अडकून का होईना, होतं. "तुझ्या कट्ट्याचं काय?"

"चौकशी आहे. तोवर टिपणीसबाई उभ्या राहतील."

"तिला आवाज ऐकायला शिकव. डोळ्यांना सगळंच देखणं दिसतं."

ते प्रवाशासारखे मागच्या बाकावर बसले, पट्टा आवळला. यंत्राला ना आकडा होता, ना त्याला तारेची गरज. चाकं डेक सोडू लागली तसं खिडकीतून मास्तरला त्यांचा डावा हात दिसला. मुठीत काहीच नव्हतं. तरी ती मूठ गुडघ्यावरून पुढे, पार पुढे सरकली आणि हेलिकॉप्टर उंच जाऊन ती दिसेनाशी होईपर्यंत मागे आली नाही.